उलटून पाह्यलं का?

घर भाड्याने पाहायला गेले तेव्हा घरमालक न्हाणीघरात पोटावर झोपले होते. पडले-बिडले नव्हते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी, गाल ओल्या फरशीला टेकवलेला, आणि धुण्याच्या दगडाखाली डोकावणं चाललेलं. मी दारातच थबकले. त्यांच्या बायकोला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या. "काल एकाकडून जुना दगड आणला धुण्याले. त्याले पाहून राह्यले."

"काय पाहून राह्यले?"

"पोट."

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात माझी नवी नोकरी होती. नागपूरची मी, तोंडाने फटकळ, आणि तोवर चार घरमालकांनी माझी उलटतपासणी घेऊन झालेली. लग्न झालं का, कोणते लोक, मटण शिजवणार का, पाहुणे किती येतील. या गृहस्थांनी त्यातलं काही विचारलं नाही. उठले, शर्टाच्या बाह्यांची बटणं लावली, आणि माझ्याकडे टक लावून म्हणाले, "तुमच्या घरी, नागपुरात, धुण्याचा दगड जुना हाय का?"

"आहे. आजीच्या वेळचा."

"उलटून पाह्यलं का?"

"काय?"

"दगड."

"अहो, दगड कोण उलटून बघतं?"

त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जणू मी वर्गात नापास झाले होते. "तेच तं," म्हणाले आणि वरच्या खोलीची किल्ली दिली.

आईने रात्री फोनवर विचारलंच, "कोणाचं घर आहे?" तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. घर बौद्धांचं होतं, आम्ही शेतीवाडीवाले कुणबी. मी म्हटलं, "चांगल्या माणसाचं आहे. दगडं बघतो फक्त." त्यावर आईने पाणी किती वाजता येतं ते विचारलं.

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, त्यांच्या बायकोला बाई. मीही तेच म्हणायला लागले. आता भाऊ नाहीत. पण अजून मी दुकानात साडी घेताना आधी उलटी बाजू बघते, आणि दुकानदार माझ्याकडे बघतो तेव्हा मला भाऊंचा राग येतो.

कारण त्यांना प्रत्येक गोष्ट उलटी करून पाहायची खोडच होती. पोळी ताटात पडली की उलटी. नोट हातात आली की उलटी. लग्नाची पत्रिका आली की मागचं कोरं पान आधी. पेपर शेवटच्या पानापासून. घरात पाहुणा आला तर बोलता बोलता त्याच्या मागून एक फेरी मारून यायचे. बाई म्हणायच्या, "मले पाह्यला आले तवाबी मागून चक्कर मारली यायनं. माह्या बापानं विचारलं, म्हैस घेऊन राह्यले का जावईबापू?"

अख्खी नोकरी त्यांनी भद्रावतीच्या आयुध निर्माणीत काढली होती. तिथे काय बनतं ते मी एकदा उत्सुकतेने विचारलं.

"पगार," भाऊ म्हणाले.

"ते झालं हो. पण बनत काय होतं?"

"सांगतलं ना. पगार बनत होता. पोरायचं शिक्षण बनत होतं. हे घर बनलं." यापुढे एक अक्षर नाही. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, तरी गेटवरच्या झडतीची शिस्त गेली नव्हती. बाह्या नेहमी मनगटापर्यंत, खिशात कधी काडेपेटी नाही, आणि घरातून निघताना स्वतःचे खिसे स्वतःच चाचपून घ्यायचे. सोबत एक खाकी पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, नारळाची शेंडी, टॉर्च आणि हातभर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार.

दर आठवड्याला ही पिशवी घेऊन ते एसटीने आपल्या मूळ गावी जायचे. गाव जवळच होतं, तलावाच्या पाळीला लागून, भाताच्या बांध्यांमध्ये. तिथे ते घरोघर जाऊन दगडं बघायचे. न्हाणीतले, पायरीचे, गोठ्यातले, उखळाखालचे. लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग सवय करून घेतली. मी एकदा सोबत गेले होते. एका घरासमोर भाऊ उभे राहून हाक मारायला लागले, "बाई, आंघोळ झाली का? झाली असन तं दगड दाखवजो." आतून आवाज आला, "अजी भाऊ, मागच्या साली पाह्यला ना तुमी!" भाऊ म्हणाले, "मागच्या साली चष्मा जुना होता."

दगड सब्बलीने तिरपा करायचा, पाणी मारायचं, शेंडीने घासायचं, टॉर्च मारायचा. मग परत नीट बसवायचा, जागा पुसून द्यायची, आणि "नाई" म्हणून पुढच्या घरी. गावात कोणाच्या लग्नाला गेले तर मांडवात नवरी ज्या दगडावर पाय ठेवते तोसुद्धा त्यांना बघायचा असायचा. एका लग्नात नवरीच्या मामाने त्यांना दंडाला धरून जेवायच्या पंगतीत नेऊन बसवलं होतं. भाऊंनी निमूट जेवण केलं, ताट उचलून खालची फरशी पाहिली, आणि आहेर देऊन परत आले.

हे सगळं कशासाठी, हे मला पोलीस ठाण्यात कळलं.

झालं असं, की शेजारच्या गावातल्या एका गोठ्याची पायरी जुन्या चावडीच्या दगडाची आहे असं भाऊंना कोणीतरी सांगितलं. गडी संध्याकाळचाच निघाला. त्या दिवशी अमावस्या होती हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादात लोक काय काय करतात ते सगळ्यांना ठाऊक. गोठ्याच्या मालकाने पाहिलं तर एक म्हातारा माणूस, अमावस्येच्या अंधारात, सब्बल घेऊन पायरी उचकटतोय. लोक जमले. पिशवी उघडली. तिच्यात टॉर्च, शेंडी, आणि बाईंनी येताना बाजारातून आणायला सांगितलेली लिंबं. लिंबं दिसली आणि भाऊंचं काही ऐकून घ्यायला कोणी तयार होईना. थेट ठाण्यात.

बाई माझ्याकडे धावत आल्या. "मॅडम, तुमी सरकारी माणूस. चाला." मी तांदळाच्या रोपांवर काम करणारी बाई, माझं पोलीस काय ऐकणार होते! पण गेले.

साहेब तरुण होते आणि दिवसभराचे वैतागलेले. "काय शोधत होता तिथे?"

"आजा," भाऊ म्हणाले.

"कोण?"

"माहा आजा, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. "आजोबा दगडाखाली आहेत?" साहेबांनी भाऊंना विचारलं.

"दगडाखाली नाई साहेब. दगडावर."

मग भाऊंनी सांगितलं, आणि मी पहिल्यांदा ऐकलं. इंग्रजांच्या काळात, पहिल्या मोठ्या लढाईत, त्यांच्या गावातून माणसं गेली होती. एखाददुसरा सोडला तर सगळी महारपुऱ्यातली. लढाई संपल्यावर सरकारने गावाला एक दगड दिला. या गावातून इतकी माणसं लढाईवर गेली, त्यातली इतकी मेली, एवढंच त्यावर कोरलेलं. नावं नाहीत, फक्त आकडे. तो दगड बसवला चावडीच्या भिंतीत, ओट्यावर.

"अन् ओट्यावर आमाले चढता येत नव्हतं," भाऊ म्हणाले. "ज्यायच्यासाठी दगड लावला, त्यायनं तो खालून पाह्यचा. वाचता तं कोणाले येतच नव्हतं. ज्यायले वाचता येत होतं, त्यायले गरज नव्हती."

भाऊ रांगत होते त्या सुमाराला एका पावसाळ्यात चावडी पडली. पडलेल्या चावडीचं लाकूड, कवेलू, दगड, ज्याला जे सापडलं ते त्याने घरी नेलं. मलबा उपसायला बोलावलं होतं महारपुऱ्यातल्याच लोकांना. त्यात तो दगडही कुठेतरी गेला. दगडच तो, कोणाची तक्रार नाही.

"मग आता त्याचं काय करायचंय तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. आवाज जरा मऊ झाला होता.

"त्यावरचा आकडा पाह्यचा हाय. तीन हाय का चार."

तीन घरांत सरकारी कागद आला होता, माणूस मेल्याचा. बिल्ला आला होता. भाऊंच्या आज्याचा कागद आलाही नाही आणि आजाही आला नाही. जे परत आले त्यांच्यातला एक जण म्हणाला, बसऱ्यात जहाजावरून उतरताना पाहिला होता, मग दिसला नाही. दुसऱ्याने त्याला मीठमिरची लावली, की त्याने तिकडेच बाई केली. झालं. त्या दिवसापासून भाऊंच्या घराला गावात नाव पडलं, भगोड्याचं घर.

"माही बुढी, आज्याची बायको, सांगे, दगडावर चार हायत. बाकीचे म्हणत, तीन. चार असन तं माहा आजा मेला साहेब. तीन असन तं पळाला."

मेलेला सिद्ध करण्यासाठी माणूस एवढी धडपड करतो हे साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यांनी चहा मागवला. सोडताना एवढंच म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळेला दिवसाढवळ्या जा. आणि लिंबं नेऊ नका."

घरी परत येताना मी भाऊंना झापलंच. म्हटलं, शंभर वर्षं होत आली, कोणाला पडलंय आता? तुम्ही निर्माणीत नोकरी केली, मुलं शिकवली, घर बांधलं. कोण तुम्हाला भगोडा म्हणतंय?

बाईच बोलल्या. "दोरीची गोष्ट सांगा ना यायले."

त्यांच्या गावात एक रीत आहे. धर्मांतरानंतर वस्तीत विहार झालं, विहारासमोर झेंड्याचा खांब आला. जयंतीला निळा झेंडा चढवायचा तर दोरीला पहिला हात कोणाचा? तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, लढाईत ज्यांची माणसं मेली त्या घरांचा. गावात तीन घरं दोरीवाली. बाकीचे मागे उभे राहून जयजयकार करणार. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आजही तसंच चालतं. भाऊ शाळेत होते तेव्हाच्या एका जयंतीला त्यांच्या वडिलांनी पुढे होऊन दोरीला हात घातला. दोरीवाल्या घरातल्या एकाने तो हात काढला. सगळ्यांदेखत विचारलं, "तुहा बाप मेला कुठी? भागला ना तो?"

"माह्या बापानं हात खाली घेतला," भाऊ म्हणाले. "मंग तो त्या गावात राह्यला नाई. मले घेऊन भद्रावतीले आला. बुढी नाई आली. म्हणे, मी गेली तं इथी पाणी कोण भरन?"

आणि मग ते त्या बुढीबद्दल बोलले, म्हणजे आजीबद्दल. ती गेली तेव्हाही तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. कागद आला नाही म्हणून तिने कधी पुसलं नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. भाताच्या रोवणीला मजुरीने गेली की दिवस संपल्यावर घरी येऊन दाराशेजारच्या मातीच्या भिंतीवर खिळ्याने एक उभी रेघ ओढायची. एक दिवस, एक रेघ. मुकादमाने दिवस कमी धरले तर त्याला हाताला धरून भिंतीपाशी आणून उभं करायची. मोहफुलांच्या टोपल्या असोत, गवताचे भारे असोत, सगळा हिशेब त्या भिंतीवर. सारवताना तेवढी जागा सोडून सारवायची.

"अन् पाण्याच्या जागेले कोणाले हात लावू देत नव्हती," भाऊ हसून म्हणाले. "पाण्याचे गुंड-घागरी तिनंच उचलायच्या, तिनंच ठेवायच्या. आमाले पाणी हातात मिळे."

एवढं ऐकल्यावर मी त्यांना दगडावरून चिडवणं सोडून द्यायला हवं होतं. पण माझा स्वभाव! एका रविवारी भाऊंनी माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची शहाबादी फरशी उलटून पाहायची परवानगी मागितली, तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "भाऊ, ही फरशी तुमच्याच घरातली आहे, तुम्हीच दुकानातून आणून बसवलीय. सगळ्या तालुक्याच्या न्हाण्या झाल्या तुमच्या. त्या गावातल्या स्वतःच्या घरात उलटून पाह्यलं का?"

बोलले मी चिडून, पण ते भाऊंना लागलं. त्यांना माझा राग आला होता. दगड चोरल्याचा आळ मी त्यांच्याच घरावर घेतला असं त्यांना वाटलं असणार. "आमच्या घरात कायले येईन तो?" एवढं म्हणून ते खाली गेले. पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं टपालसुद्धा बाईंच्या हातून पाठवायचे.

त्या गावातल्या घरात तेव्हा त्यांचा पुतण्या राहत होता. दोन खोल्यांचं मातीचं घर. उन्हाळ्यात त्याला घरकुल मंजूर झालं आणि त्याने जुनं पाडायला काढलं. एका सकाळी त्याचा फोन आला. भाऊ अंगणात उभे राहून ऐकत होते, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"पाण्याच्या जागेचा दगड ना? हो. ... मोठा हाय? किती मोठा?" मग भाऊंचा आवाज एकदम बारीक झाला. "हात नोको लावू. येतो."

फोन खिशात ठेवून त्यांनी वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले. "मॅडम, चालता का?"

आम्ही तिघं गेलो. अर्धं घर पडलं होतं. छप्पर काढलेलं, मागची भिंत गेलेली, दाराकडची भिंत उभी. पाण्याचे गुंड ज्यावर ठेवायचे तो दगड मातीत बसवलेला होता आणि त्याची वरची बाजू पाणी सांडून सांडून गुळगुळीत झाली होती. पुतण्या म्हणाला, "एवढा मोठा, घडीव दगड आपल्याकडे कुठून आला काका? मिस्त्री म्हणते, हा सरकारी कामाचा हाय."

भाऊंनी पिशवी खाली ठेवली आणि सब्बल काढून पुतण्याकडे दिली. पुतण्याने आणि मिस्त्रीने मिळून दगड उलटवला. खाली ओली माती लिंपलेली. भाऊंनी बाटलीतलं पाणी ओतलं, खाली बसले आणि शेंडीने घासायला लागले. इतकी वर्षं परक्या न्हाणीत घासलं तसंच, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. वर इंग्रजी अक्षरं आली. मग खाली मराठी.

ते थांबले. "मॅडम, तुमी वाचा. मले नाई होत."

मी वाचलं. या गावातून सतरा माणसं मोठ्या लढाईस गेली. त्यांपैकी, आणि पुढे आकडा. तीनचा आकडा. मोठा, सुबक, सरकारी पाथरवटाने कोरलेला. आकड्यावरून फिरवलेलं माझं बोट पुढे अडलं. आकड्याला लागून एक उभी रेघ होती. वेडीवाकडी, उथळ, ठोकून ठोकून काढलेली. बाकी कोरीव कामाशी तिचा काही संबंध नव्हता.

"तीन," मी म्हटलं. "आणि ही एक रेघ."

कोणाला काही समजेना. बाई मात्र उठल्या आणि दाराशेजारच्या उभ्या भिंतीपाशी गेल्या. तिथे अजून त्या रेघा होत्या, ओळीने, खिळ्याने ओढलेल्या, वर्षानुवर्षांच्या रोवणीच्या. बाईंनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं.

तीन, आणि एक. चारचा आकडा कसा काढतात ते तिला माहीत नव्हतं. तिला एकच हिशेब माहीत होता.

भाऊ मातीतच बसले होते. तिथूनच म्हणाले, "माह्या बापाचा हात काढला ना दोरीवरून, त्या दिवशी बुढी जेवली नाई. दिवसभर इथीच बसून होती, पाण्यापाशी. मी पाणी मांगतलं तं म्हणे, थांब जरा."

मलबा उपसायला गेलेल्या बायांत ती होती. कोणाकडून तरी तिने आकडा वाचून घेतला असेल. मग तो दगड घरात आणून पालथा घातला, वर पाणी ठेवलं, दोरीच्या त्या दिवशी तिरपा करून रेघ ठोकली, आणि जन्मभर गावाला सांगत राहिली, चार हायत.

मग बोलला तो मिस्त्री. चांगल्या मनानेच बोलला. "काका, छन्नी हाय माह्याजवळ. तीनाचा चार करून देतो. दहा मिनिटाचं काम. कोणाले समजन बी नाई."

पुतण्याने भाऊंकडे पाहिलं. "करून घ्या ना काका. आपल्या लेकरायचा बी दोरीले हात लागन." खरं सांगते, मलाही वाटलं, करून टाका. कोणाचं काय जातंय? एका आकड्याने तीन पिढ्यांचं खाली गेलेलं डोकं वर येत असेल तर येऊ द्यावं.

भाऊ दगडाकडे बघत राहिले. "अन् उद्या कोणी उलटून पाह्यलं तं?"

"दगड उलटून काय दिसणार आता?" मी म्हटलं.

"दगड नाई मॅडम. मले." मग मिस्त्रीला म्हणाले, "छन्नी ठेव बाप्पा. बुढीनं केलं ते तिच्या हातानं केलं. आपण नाई करायचं."

आणि मग भाऊ रडले. लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून. पुतण्या भांबावला. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या बाईंचं बोलणं नेहमी धडाधड, पण तेव्हा हळू बोलल्या. "पाहा ना. दगडावर त्याले मेला म्हणून मांडलं, अन् कपाळावर जिता ठेवला. गावासाठी एक, तिच्यासाठी एक." भाऊंनी मान हलवली. आजवर ते बुढीचं कुंकू म्हणजे भोळेपणा समजत होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. भोळी ती कधीच नव्हती.

दगड ट्रॅक्टरवर घालून विहाराच्या आवारात नेला. झेंड्याच्या खांबाजवळ सिमेंटमध्ये उभा केला, अक्षरं बाहेरच्या बाजूला. वस्ती जमली. त्यात दोरीवाले आबाजी आले. वयाने भाऊंपेक्षा बरेच मोठे, काठी टेकत चालणारे. भाऊंच्या वडिलांचा हात ज्याने काढला, त्याचे हे धाकटे भाऊ. त्यांच्या घराचा मान गावात मोठा. जुन्या काळी किराणा दुकानात वहीवर बसलेले, जुन्या हिशेबाच्या खुणा वाचणारे, आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव असं शिकलेले. आकड्यापाशी डोळे नेऊन ते म्हणाले, "हे काय हाय? सव्वातीन?"

दोन-चार जण हसले. कोणीतरी म्हणालं, "पाव माणूस मेला का आबाजी?"

भाऊ हसले नाहीत. सरळ उभे राहिले, बाह्यांची बटणं चाचपली. "तीनच हायत. रेघ खोटी हाय. माह्या बुढीनं मारली. दगड आमच्या घरी होता, पाण्याखाली. आजवर आमी म्हणत होतो चार, ते खोटं." एवढं म्हणून ते बाजूला झाले. आबाजी ती रेघ बराच वेळ बघत होते. एकदा तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि काठी टेकत निघून गेले.

मला वाटलं, संपलं. जन्मभर ज्यासाठी पायपीट केली ते हाती आलं आणि तेच उलटं पडलं. परतीच्या एसटीत भाऊंनी तिकीटसुद्धा उलटून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या जयंतीला भाऊ म्हणाले, मी नाई येत. बाईंनी एक शब्द न बोलता त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. मग आले. मीही गेले. विहारासमोर निळी तोरणं, पोरींनी पांढऱ्या साड्या नेसलेल्या, लाउडस्पीकर खरखरत होता. वंदना झाली. दोरीवाली तीन घरं खांबापाशी गेली. भाऊ नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या मागे, कडुनिंबाखाली.

आबाजींनी दोरी हातात घेतली आणि ओढेनात. गर्दीकडे पाहत राहिले. "तो कुठी हाय?" म्हणाले. "निर्माणीवाला."

लोकांनी मागे वळून पाहिलं. भाऊ जागचे हलले नाहीत.

"ए भाऊ! इकडे ये. दोरी धर."

"दगडावर तीन हायत आबाजी," भाऊ मागूनच म्हणाले.

"मले वाचता येते." आबाजी चिडलेच. "रेघ कोणाची हाय?"

"बुढीची."

"तं बुढीच्या नावानं धर."

बाईंनी भाऊंच्या पाठीला हात लावून त्यांना पुढे ढकललं. ते गेले. वाटेत लोक बाजूला होत होते. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. पुतण्या बायकोला धरून ढसाढसा रडत होता.

आबाजींनी दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. भाऊंनी ते धरलं. आणि खोड कुठे जाणार? त्यांनी दोरी हातात फिरवली, झेंड्याची गाठ पलटी केली, मागच्या बाजूने निरखायला लागले.

"आता काय उलटून पाह्यतो बाप्पा," आबाजी ओरडले. "वढ!"

भाऊंनी ओढली. झेंडा वर गेला.